मिल्ट स्टीगल आणि कॅनेडियन फुटबॉलमधल्या रिसीव्हरचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनिपेगला नवीन आलेले आपले मराठी लोक, गावाकडून सुट्टीला आलेले पाहुणे, ऑफिसातली मंडळी, सगळ्यांकडून मला साधारण तेच तेच प्रश्न येतात. मॅच चालू असताना शेजारी बसून नीट उत्तर देता येत नाही, कारण मी ओरडत असतो. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. यात विनिपेगच्या टीमचा जुना रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल पकडणारा खेळाडू, मिल्ट स्टीगल पुन्हा पुन्हा येईल, कारण रिसीव्हरचं करिअर म्हणजे काय हे समजवायला माझ्याकडे त्याच्याइतकं चांगलं दुसरं उदाहरण नाही.

हे फुटबॉल म्हणजे नक्की कुठलं? मेस्सीवालं की अमेरिकेतलं?

अमेरिकेतल्यासारखं, पण तेच नाही. लांबट बॉल, हेल्मेट, खांद्याला पॅड, हे सगळं सारखं दिसतं म्हणून लोक एकच समजतात. फरक असा की इथे एका बाजूला ११ नाही, १२ खेळाडू असतात. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा लांबही आणि चांगलं ऐसपैसही, आणि दोन्ही टोकांना एंड झोन २० यार्डांचा, तिथे बॉल पोचवला की टचडाऊन, सहा पॉइंट. आणि सगळ्यात मोठा फरक, दहा यार्ड पुढे जायला अमेरिकेत चार चान्स मिळतात, इथे तीनच. त्यातला तिसरा बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब मारण्यात जातो. म्हणजे खरे चान्स दोन. दोन चान्समध्ये दहा यार्ड काढायचे तर धक्काबुक्की करत तीन-तीन यार्ड सरकून भागत नाही, बॉल हवेतून फेकावाच लागतो. म्हणून या खेळात रिसीव्हरला इतकी किंमत आहे.

लीगचं नाव सीएफएल, कॅनेडियन फुटबॉल लीग, १९५८ पासूनची. नऊ टीम, प्रत्येकीच्या १८ मॅच, जूनमध्ये सुरुवात आणि नोव्हेंबरमध्ये फायनल. फायनलला ग्रे कप म्हणतात आणि तो कप लीगपेक्षा जुना आहे, १९०९ पासूनचा.

रिसीव्हर करतो काय? फक्त बॉल पकडतो?

पकडतो, पण ते शेवटचं एक सेकंदाचं काम. त्याआधी त्याला ठरलेल्या रस्त्याने पळायचं असतं, त्याला रूट म्हणतात. समजा बारा यार्ड सरळ जाऊन एकदम आत वळायचं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, तो रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल सोडून देतो. रिसीव्हर मान फिरवतो तेव्हा बॉल हवेत असतो. त्या दोघांचा हिशोब अर्ध्या पावलाने चुकला तरी बॉल समोरच्या टीमच्या हातात जातो. शिवाय समोर एक डिफेंडर असतो, त्याचं कामच याला अडवणं, आणि मागून दुसरा येत असतो जो याने बॉल हातात घेतला की त्याच क्षणी अंगावर आदळणार. हे सगळं माहीत असताना डोळे बॉलवर ठेवायचे. एका मॅचमध्ये रिसीव्हर पन्नासएक वेळा जीव तोडून पळतो आणि चांगल्या दिवशी सहा-सात वेळा बॉल त्याच्याकडे येतो. उरलेल्या वेळी तो दुसऱ्यासाठी पळालेला असतो, ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

बॉल सुटायच्या आधीच ते पळत येतात, ते फाऊल नाही का?

नाही, आणि हीच तर इथली गंमत! अमेरिकेत बॉल सुटायच्या, म्हणजे मधल्या खेळाडूने तो मागे क्वार्टरबॅककडे द्यायच्या, आधी एकाच खेळाडूला हलता येतं आणि तेही आडवं किंवा मागे. इथे क्वार्टरबॅक सोडून मागे उभे असलेले सगळे कुठेही, कितीही पळू शकतात, सरळ पुढेसुद्धा. याला वॅगल म्हणतात. फास्ट बॉलरचा रनअप डोळ्यासमोर आणा. लांबून पळत यायचं, स्पीड पकडायचा, आणि बॉल सुटायच्या क्षणाला पाय बॉल ठेवलेल्या रेषेच्या मागे पाहिजे, पुढे गेला की ऑफसाईड, जसा आपल्याकडे नो-बॉल. जमलं तर रिसीव्हर फुल स्पीडमध्ये रेषा ओलांडतो आणि समोरचा डिफेंडर अजून उभाच असतो.

मी पहिल्यांदा एंड झोनच्या मागच्या सीटवर बसलो होतो तेव्हा हे नीट दिसलं. टीव्हीवर ते कळत नाही कारण कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. समोरून तीन जण एकाच वेळी माझ्या दिशेने पळत येतायत, एक मधेच थबकल्यासारखा करतोय, दुसरा तिरका जातोय, आणि डिफेंडर मागे मागे सरकत एकमेकांकडे हात करून ओरडतायत की हा तुझा, तो माझा. तेवढ्यात बॉल सुटला आणि मला त्यांच्या बुटांचा टर्फवर होणारा आवाज ऐकू आला. त्या दिवसापासून मी बॉलकडे बघायचं कमी केलं.

स्लॉटबॅक आणि वाईडआऊट यात फरक काय?

दोघेही रिसीव्हरच. वाईडआऊट अगदी कडेला उभा राहतो, रेषेवर. स्लॉटबॅक जरा आत आणि मागे. पळत येण्याचा फायदा मिळतो तो स्लॉटबॅकला, आणि मैदानाच्या मध्यातून कडाडून मार खायची पाळीही त्याच्यावरच येते. स्टीगल स्लॉटबॅक होता.

या लीगमध्ये लोक येतात कुठून?

दोन दरवाजे आहेत. कॅनेडियन मुलं इथल्या युनिव्हर्सिटीत खेळतात आणि दरवर्षी ड्राफ्ट होतो त्यातून टीम त्यांना निवडतात. अमेरिकन मुलांसाठी ड्राफ्ट नाही, प्रत्येक टीमकडे एक निगोशिएशन लिस्ट असते, त्या लिस्टवर तुमचं नाव असेल तर इथे फक्त तीच टीम तुमच्याशी बोलू शकते. बऱ्याच पोरांना आपलं नाव कुठल्या लिस्टवर आहे हे माहीतसुद्धा नसतं. याशिवाय टीमवाले अमेरिकेत एक-दोन दिवसांचे ट्रायआऊट घेतात, तिथे स्वतःच्या खर्चाने जायचं. मग मे महिन्यात ट्रेनिंग कॅम्प, तिथे रोज कोणाला तरी ऑफिसात बोलावतात आणि तो माणूस बॅग भरून निघतो. टिकला तर प्रॅक्टिस रोस्टर, म्हणजे नुसता सराव करणाऱ्या राखीव खेळाडूंची यादी, आणि नशिबाने कोणी जखमी झालं तर मॅच.

अमेरिकेतून येणाऱ्या रिसीव्हरची गोष्ट बहुतेक वेळा सारखी असते. कॉलेजात हिरो होता, एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, दारात जाऊन आला, आणि तिथे नको म्हणाले. स्टीगलही तसाच आला.

कॅनेडियन खेळाडूंसाठी राखीव जागा असतात हे खरं का?

हो. सुरुवातीच्या लाईनअपमध्ये ठराविक कॅनेडियन पाहिजेतच, वर्षानुवर्षं तो आकडा सात होता, अलीकडे त्यात थोडे फेरफार झालेत. त्यामुळे चांगला कॅनेडियन रिसीव्हर मिळाला तर टीमला सोनं सापडल्यासारखं असतं, कारण त्या एका जागेमुळे दुसरीकडे अमेरिकन खेळवता येतो.

काही लोक नाक मुरडतात की ही कोट्यातली पोरं. त्यांना मी दोन नावं सांगतो. बेन काहून, जन्म अमेरिकेत युटामध्ये पण लहानपणाचा काही काळ कॅनडात गेल्यामुळे कॅनेडियन धरला गेला, मॉन्ट्रियलकडून १९९८ ते २०१० खेळला, १,०१७ कॅच आणि तीन ग्रे कप. दुसरा ब्रॅड सिनोपोली. हा तर कॉलेजात क्वार्टरबॅक होता, ओटावा युनिव्हर्सिटीकडून खेळताना २०१० ला देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि प्रोफेशनलमध्ये आल्यावर त्याला सांगितलं की बॉल फेकू नकोस, पकड. आयुष्यभर जे केलं ते सोडून तेविशी-चोविशीत नवीन काम शिकायचं! शिकला. २०१८ ला एका सीझनमध्ये ११६ कॅच घेतले, कुठल्याही कॅनेडियनने तोवर एवढे घेतले नव्हते. मला वाटतं फेकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला आतून माहीत होतं, त्याचा फायदा झाला असणार.

बरं, आता सांगा, हा स्टीगल कोण?

जन्म १९७०, सिनसिनाटी, ओहायो. कॉलेज मायामी युनिव्हर्सिटी, पण ही फ्लोरिडातली मायामी नाही, ओहायोमध्येच त्या नावाची जुनी युनिव्हर्सिटी आहे, तिथली. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही. तरी गावची टीम, सिनसिनाटी बेंगल्स, त्यांनी १९९२ ला घेतला आणि तीन वर्षं तो तिथे होता, पण रिसीव्हर म्हणून बॉल मिळाला तो मोजकाच. १९९५ ला ग्रीन बे पॅकर्सकडे गेला, सीझन सुरू व्हायच्या आधीच दुखापत. वय २५. या वयात अमेरिकेत अशा रिसीव्हरला दुसरा फोन सहसा येत नाही.

विनिपेगचा आला. त्याच वर्षी तो इथल्या टीमकडे, ब्ल्यू बॉम्बर्सकडे आला आणि २००८ पर्यंत इथेच राहिला. चौदा सीझन, एकच टीम. सीएफएलमध्ये कॉन्ट्रॅक्ट छोटे असतात, लोक दर दोन-तीन वर्षांनी शहर बदलतात, त्यात चौदा वर्षं एका जागी म्हणजे फार मोठी गोष्ट आहे, तीसुद्धा विनिपेगसारख्या ठिकाणी, जिथे ऑक्टोबरच्या शेवटी मॅच बघायला जायचं तर आम्ही पँटच्या आत पँट घालतो.

करिअरचे आकडे असे: ८५४ कॅच, १५,१५३ यार्ड, १४७ टचडाऊन, त्यातले १४४ पास पकडून. १४७ हा लीगचा रेकॉर्ड आहे आणि अजून कोणी त्याच्या जवळ गेलेलं नाही. त्याच्या आधी १३७ वर दोन जण होते, जॉर्ज रीड आणि माईक प्रिंगल, आणि ते दोघेही रनिंग बॅक, म्हणजे ज्यांच्या हातात दर मॅचला वीस-वीस वेळा बॉल देतात ते. २००७ ला त्यांना मागे टाकलं ते एका रिसीव्हरने, ज्याला मॅचमध्ये चार-पाच कॅच मिळायचे. हे परत एकदा वाचा.

इतके टचडाऊन, म्हणजे त्याला बॉल जास्त मिळत असणार?

उलट! तेच तर मी सगळ्यांना सांगत असतो. १४४ भागिले ८५४ करा. जवळजवळ दर सहाव्या कॅचला टचडाऊन. जेरॉय सायमन, जो यार्डांमध्ये लीगच्या इतिहासात सगळ्यात पुढे आहे, त्याचे १,०२९ कॅच आणि १०३ टचडाऊन, म्हणजे दर दहाव्या कॅचला एक. सायमन थोर खेळाडू आहे, त्याला कमी लेखत नाही, पण स्टीगलकडे बॉल गेला की स्टेडियममध्ये लोक आधीच उभे राहायचे असं इथले जुने लोक सांगतात, ते का ते या भागाकारात दिसतं.

१९९७ चा सीझन तर वेगळाच. ६१ कॅच, १,६१६ यार्ड. सरासरी साडेसव्वीस यार्ड एका कॅचला. दहा यार्ड काढायला दोन चान्स असतात म्हटलं ना वर, हा माणूस एका कॅचमध्ये अडीच पट काढत होता, पूर्ण सीझनभर.

त्याचा सगळ्यात चांगला सीझन कुठला?

बहुतेक लोक २००२ म्हणतील. १०६ कॅच, १,८६२ यार्ड आणि २३ टचडाऊन, एका सीझनचा रेकॉर्ड, आणि लीगचा मोस्ट आऊटस्टँडिंग प्लेयर. क्वार्टरबॅक खारी जोन्स होता, त्याने त्या वर्षी ४६ टचडाऊन पास टाकले. ४६ आणि २३, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा म्हणजे त्या टीममध्ये स्टीगलचं वजन काय होतं ते कळेल. आणि हे समोरच्या प्रत्येक टीमला माहीत होतं. दोन-दोन माणसं त्याच्यावर लावायचे. तरी.

मला स्वतःला १९९७ जास्त आवडतो, तेव्हा एनएफएलने सोडलेल्या माणसाने इथे पाय रोवले म्हणून.

ती १०० यार्डांची गोष्ट काय आहे? विनिपेगमध्ये सगळे सांगतात.

२० जुलै २००६, एडमंटनमध्ये, कॉमनवेल्थ स्टेडियम. समोर एडमंटनची टीम, आत्ताचे एल्क्स. विनिपेग १९-२२ ने मागे. घड्याळात काही सेकंद, मॅचचा शेवटचा प्ले, आणि बॉल कुठे, तर स्वतःच्याच १० यार्डाच्या रेषेवर. समोर १०० यार्ड. घरी बसून बघणारे अर्धे लोक टीव्ही बंद करून उठले असणार.

क्वार्टरबॅक केव्हिन ग्लेनने मागे सरकून बॉल लांब सोडला. स्टीगल मध्यातून पळत होता, बॉल त्याच्या हातात आला तेव्हा डिफेंडर मागे पडलेले, आणि मग तो नुसता पळाला. वय ३६! घड्याळात शून्य झालेलं, आणि एडमंटनचे हजारो लोक बघतायत की समोर निळ्या-सोनेरीऐवजी पांढऱ्या जर्सीतला एक माणूस एकटाच त्यांच्या एंड झोनकडे चाललाय आणि कोणीच काही करू शकत नाही. २५-२२. इथे त्याला नुसतं 'द प्ले' म्हणतात, पुढे काही लावायची गरज पडत नाही.

व्हिडिओ मिळेल, बघा, पण एक गोष्ट लक्ष देऊन बघा. बॉल सुटायच्या आधी स्टीगल कसा येतो ते. तो जो स्पीड आहे ना रेषेवर पोचताना, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

मग ग्रे कप किती जिंकला?

शून्य.

हा प्रश्न आला की मला वाईट वाटतं, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो तेही दिसतं. दोन वेळा फायनलला गेला. २००१ ला टीम १४ जिंकून ४ हरून आलेली, समोर कॅल्गरी, ज्यांनी सीझनमध्ये जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त, ८ आणि १०. मॉन्ट्रियलला फायनल झाली. हरले, १९-२७. नंतर २००७, टोरोंटोला, सस्काचेवानविरुद्ध. त्याच्या आधीच्या मॅचमध्ये, फायनलला पोचवणाऱ्या मॅचमध्येच, केव्हिन ग्लेनचा हात मोडला. फायनलला रायन डिनविडी नावाचा मुलगा उभा केला, त्याची ही क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात करायची पहिलीच मॅच. २३-१९ ने गेली. चार पॉइंट. एक टचडाऊन पुरला असता, आणि टचडाऊन करणारा लीगमधला सगळ्यात मोठा माणूस मैदानावर उभा होता.

रिसीव्हरचं दुःख हेच आहे. बॅट्समन स्वतः उभा राहून मॅच काढू शकतो. रिसीव्हरला आधी कोणीतरी बॉल द्यावा लागतो, त्या देणाऱ्याला पाच जणांनी वाचवावं लागतं, मग तो. म्हणून कप किती या मापाने रिसीव्हरला मोजणं मला पटत नाही. विनिपेगने १९९० ला कप जिंकला आणि त्यानंतर थेट २०१९ ला. स्टीगलची चौदाच्या चौदा वर्षं त्या मधल्या दुष्काळात गेली. त्या काळात लोक तिकीट काढून का यायचे? कपची आशा होतीच, पण कित्येक जण स्टीगलचा ८५ नंबर बघायला यायचे. २०१९ ला कप आला तेव्हा माझ्या ओळखीचे एक सत्तरीचे गृहस्थ, इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या मॅनिटोबातले, पहिलं वाक्य हेच बोलले की हा मिल्टच्या हातात बघायचा होता. तो रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती.

स्टीगल मोठा की सायमन?

भांडणाचा विषय! गंमत म्हणजे १९९९ आणि २००० ला दोघे विनिपेगमध्ये एकाच टीममध्ये होते. मग सायमन बीसी लायन्सकडे गेला आणि तिथे २०१२ पर्यंत खेळला, शेवटचं वर्ष सस्काचेवान. १६,३५२ यार्ड, तीन ग्रे कप, २००६ चा मोस्ट आऊटस्टँडिंग प्लेयर. स्टीगलने २००८ ला ॲलन पिट्सचा १४,८९१ यार्डांचा रेकॉर्ड मोडला होता, तो पुढे सायमनने मोडला. आणि सायमनचा कॅचचा रेकॉर्ड निक लुईसने २०१७ ला मोडला, १,०५१ वर थांबला.

सातत्य आणि कप पाहिजे तर सायमन घ्या. बॉल हातात आल्यावर पुढे काय होईल याची धाकधूक पाहिजे तर स्टीगल. मी विनिपेगमध्ये राहतो, माझं मत विचारूच नका.

पैसे किती मिळतात?

लोकांना वाटतं करोडो. नाही हो. लीगमधला किमान पगार वर्षाला ७० हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास आहे. पूर्ण टीमच्या पगारावर मर्यादा आहे, सहा मिलियनच्या आसपास, आणि त्यातला मोठा घास क्वार्टरबॅक घेतो. चांगल्या रिसीव्हरला दोन लाखांच्या वर मिळू शकतात, पण असे थोडेच. अमेरिकेत एकेका रिसीव्हरला या पूर्ण टीमच्या कितीतरी पट मिळतात. त्यामुळे इथले बरेच खेळाडू हिवाळ्यात दुसरं काम करतात, शाळेत शिकवतात, जिममध्ये ट्रेनर असतात, घरं विकतात. कॉन्ट्रॅक्टचा पैसा बहुतेक वेळा गॅरंटीचा नसतो, कॅम्पमध्ये काढलं की विषय संपला. घर भाड्याने घेताना सीझनपुरतंच घेतात. बायका-मुलं बऱ्याचदा अमेरिकेतच.

शरीराचं काय होतं? किती वर्षं खेळता येतं?

बहुतेकांचं करिअर दोन-चार वर्षांत आटोपतं. गुडघा, हॅमस्ट्रिंग, खांदा, बोटं. रिसीव्हरची बोटं जवळून बघा कधी, एखादं तरी वाकडं असतं. मॅचनंतर रेलिंगपाशी एकदा एक जण लहान मुलांना सह्या देत होता, पेन नीट धरता येत नव्हता, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र टेपने गुंडाळलेलं. पोरांच्या लक्षात नाही आलं. हसत हसत वीसेक सह्या केल्या त्याने.

पण सगळ्यात मोठी भीती डोक्याची, कन्कशनची. बॉलसाठी उडी मारलेला रिसीव्हर हवेत असतो, तेव्हा स्वतःला वाचवायला त्याच्याकडे काहीच नसतं. लीगने २०१७ ला सीझन चालू असताना पॅड घालून, अंगावर जाऊन करायची प्रॅक्टिस बंद केली, आणि २०१८ पासून प्रत्येक टीमला सीझनमध्ये एक जास्तीचा विश्रांतीचा आठवडा दिला. चांगलं केलं. उशिरा केलं असं माझं मत आहे. स्टीगलच्या पिढीला यातलं काही मिळालं नाही, आणि तो ३८ व्या वर्षापर्यंत स्लॉटबॅक म्हणून मध्यातून पळत राहिला, हे मला त्याच्या टचडाऊनइतकंच मोठं वाटतं.

इथून एनएफएलमध्ये जाता येतं का? आणि तिथले इथे आले तर सहज चमकतात?

जाता येतं. जो हॉर्न १९९५ ला सीएफएलमध्ये मेम्फिसकडून खेळला, तेव्हा काही वर्षं अमेरिकेतही सीएफएलच्या टीम होत्या, आणि पुढे न्यू ऑर्लिन्सचा स्टार झाला. कॅनेडियन अँडी फँटुझ २०११ ला शिकागोला गेला, टिकला नाही, परत आला. बहुतेकांचं असंच होतं.

उलट्या बाजूने म्हणाल तर चॅड जॉन्सन बघा. एनएफएलमध्ये ११ हजारांवर यार्ड, तोही बेंगल्सचाच, २०१४ ला मॉन्ट्रियलला आला. मोजके कॅच आणि एक टचडाऊन, संपलं. वय झालं होतं हे खरं, पण इथला खेळ वेगळा आहे हेही खरं. रुंद मैदान, पळत येऊन रेषा गाठायचं टायमिंग, बारावा माणूस, हे सगळं शिकायला लागतं. इथे येणं म्हणजे खालच्या वर्गात बसणं असं समजून जो येतो तो फार टिकत नाही.

आपल्याकडचं कोणी आहे का यात?

मराठी रिसीव्हर माझ्या पाहण्यात नाही. पण दक्षिण आशियाई म्हणाल तर ओबी खान, पाकिस्तानी वंशाचा, ऑफेन्सिव्ह लाईनवर, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांत. २००६ पासून विनिपेगकडे होता, म्हणजे स्टीगलच्या शेवटच्या वर्षांत त्याच टीममध्ये. नंतर राजकारणात गेला, मॅनिटोबाच्या विधानसभेवर निवडून आला. बॉबी सिंग नावाचा फिजीत जन्मलेला खेळाडू बीसी लायन्सच्या लाईनवर होता, त्याच्याकडे सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकल्याची अंगठी पण आहे आणि ग्रे कपची पण. आमच्या मंडळातली दोन-तीन पोरं शाळेच्या टीममध्ये आता रिसीव्हर खेळतात. त्यांच्या आयांना झोप लागत नाही ते वेगळं.

रिटायर झाल्यावर काय करतात?

स्टीगल टीव्हीवर आहे, टीएसएन या स्पोर्ट्स चॅनेलच्या पॅनेलवर, आणि तिथे तोंडावर बोलतो, कोणाची भीड ठेवत नाही. २०१२ ला कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. सायमन टीमच्या ऑफिसात, खेळाडू निवडायच्या कामात गेला. काहून कोचिंगमध्ये. पण ही मोठी नावं. दोन सीझन खेळून गेलेला मुलगा तिशीच्या आत पुन्हा पहिल्यापासून नोकरी शोधत असतो. ज्याने कॉलेजची डिग्री पूर्ण केली तो सुटतो.

मैदान बदलणार म्हणतात, ते खरं?

हो, सप्टेंबर २०२५ ला लीगने जाहीर केलं. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं, एंड झोन २० ऐवजी १५ यार्डांचे आणि गोलपोस्ट एंड झोनच्या पुढच्या रेषेवरून मागच्या रेषेवर. गोलपोस्ट मागे नेणं मला मान्य आहे, रिसीव्हर पळता पळता त्या खांबाला आपटायची भीती जाईल. पण दहा यार्ड कापणं जिवावर आलंय. रुंदी ६५ च राहणार एवढं समाधान. हिशोब करा, स्वतःच्या १० यार्डाच्या रेषेवरून फेकलेला तो पास नव्या मैदानावर ९० यार्डांचाच भरेल.

पहिल्यांदा मॅच बघायला जातोय, काय बघू?

एंड झोनच्या मागची सीट घ्या, स्वस्त असते. ब्ल्यू बॉम्बर्स आता युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबाजवळच्या स्टेडियममध्ये खेळतात. स्टीगल खेळला ते जुनं स्टेडियम पोलो पार्क मॉलपाशी होतं, ते पाडलं, पण तिथला एक रस्ता त्याच्या नावाने आहे, मिल्ट स्टीगल ड्राईव्ह, मॉलला गेलात की दिसेल.

मॅच सुरू झाली की पहिला क्वार्टर बॉलकडे बघूच नका. एक स्लॉटबॅक पकडा आणि फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो कुठून निघतो, रेषेवर कधी पोचतो, वळायच्या आधी खांदा कुठे टाकतो, आणि बॉल त्याच्याकडे आला नाही तरी उठून परत जागेवर कसा जातो. दहा-बारा वेळा बॉल येणार नाही. मग एकदा येईल. हातमोजे काढायला लागू नयेत म्हणून चहा आधीच पिऊन घ्या.